सरकी काढलेला बर्फ

एप्रिलात शिरपूरच्या जिनिंगमधून
चार ट्रक रुई बोराडीच्या वर गेली
आणि सातपुड्याच्या एका बोडक्या टेकडीवर
बर्फ पडला.
पारा चव्वेचाळीसवर.
पावरा बाया डोक्यावरच्या मोळ्या उतरवून
बघत राहिल्या.

मला बोलावलं, कारण मला एक पाय नाही.
वहीवाली मुलगी म्हणाली, 'काका, हिरोचा मित्र
सुरुंगावर पडतो. पण त्याला पाय आहेत दोन्ही.
गुडघ्याखालचे शॉट तुमचे.'
दिवसाला पंधराशे, जेवण, थंड पाणी.
पेन्शन कचेरीनं ज्याचे सत्तर टक्के ठरवायला
अकरा वर्षं घेतली,
ते थोटूक तिनं एका नजरेत पास केलं.

पुण्याहून मिळालेला पाय मी काढला,
अंजनाच्या झाडाला टेकवून ठेवला.
सावलीत तो एकटा उभा,
माझ्यापेक्षा जास्त शिपायासारखा.

थोटकावर लाल पाक ओतला. मुंग्या आल्या.
'ओरडा,' डायरेक्टर म्हणाले.
'तेव्हा कसे ओरडला होतात, तसं.'
आता ह्यांना काय सांगू.
तेव्हा धूर खाली बसला, कानात शिट्टी,
आणि मी एवढंच विचारलं,
मना बूट कोठे शे?
नवा होता. आदल्याच दिवशी सही करून घेतलेला.
तुकडीत अहिराणी कुणाला कळत नव्हती.
कर्नूलचा सुब्बय्या मला पाठीवर घेऊन उतरत होता,
वाटभर मी तेच विचारत होतो,
त्याला वाटलं, मी देवाचं नाव घेतोय.
तोही आपल्या देवाचं घेत राहिला.

नऊ रिटेक. हिरो मला पाठीवर घ्यायचा,
मोजून सात पावलं,
मग कट, मग त्याला छत्री.
सुब्बय्याची किती झाली असतील,
विचारायचं राहून गेलं.

दिवाळीत पिक्चर लागला. नगरसेवकांनी
मधली खुर्ची दिली, जिथे पाय पसरत नाही.
राष्ट्रगीताला आख्खं टॉकीज माझ्याकडे वळलं,
हा उभा राहतो का.
राहिलो. बिजागरी वाजली.

माझे तीन सेकंद आले, गेले.
रुई खरंच बर्फ दिसत होती, मलाच थंडी वाजली.
मग तो मित्र, दोन्ही पायांचा,
दवाखान्याच्या चादरीखालून म्हणाला,
'एक दिला, दुसराही हजर आहे!'
शिट्ट्या. टाळ्या. कुणी चिल्लर फेकली.

ते वाक्य माझं.
म्हणजे कौतिक गुरुजींचं.
त्यांनी कागदावर लिहून दिलेलं,
आणि दर सव्वीस जानेवारीला
शाळेच्या ओट्यावर मी म्हणत आलेलो.
वहीवालीनं चहा पिता पिता विचारलं होतं,
मीच सांगितलं होतं, छाती काढून.

शेजारी केवळबाईनं टाळी वाजवली नाही.
रात्री दोनला नसलेल्या अंगठ्यातून कळ निघते
तेव्हा चोळायचं कुठे ते न कळून
नुसती चादर चोळत बसते ती.
'हाई तुम्ही कव्हय बोलनात?' तिनं विचारलं.
मी पडद्याकडे बघत राहिलो.

घरी पाय काढला. बिजागरीत
एप्रिलातली रुई अजून अडकलेली.
तिनं आकड्यानं ओढून काढली,
सवयीनं मांडीवर वात वळली,
मग दिव्याकडे न जाता
खिडकीतून टाकून दिली.

यंदाही बोलावलं. ओटा, माईक, रांगोळी,
'आपल्या गावाचे भूषण, नायक भटू आधार निकुंभ.'
कागद खिशात होता. खिशातच राहू दिला.
धूर सांगितला नाही, सुब्बय्या सांगितला नाही.
म्हणालो,
मना बूट कोठे शे?

सगळी शाळा हसली. माईकवर अहिराणी!
गुरुजींनी टिचकी मारून
माईक बिघडलाय का ते पाहिलं.
पहिलीतलं एक शेंबडं पोरगं तेवढं
रांगेतून सुटलं
आणि वाकून ओट्याखाली
शोधू लागलं.